पहिले दहा गिऱ्हाईक: स्वतःच्या पैशावर सॉफ्टवेअर केलंय, आता मराठवाड्यात ते विकायचं कसं

दोन-तीन पोरं मिळून सॉफ्टवेअर करायलेत, गुंतवणूकदार कुणी नाही, नोकरीत साठवलेले नाहीतर घरच्यांनी दिलेले थोडे पैसे आहेत आणि ऑफिस म्हणजे संभाजीनगर, लातूर, नांदेड असं कुठंतरी एक भाड्याची खोली, अशांसाठी हे लिहितोय. फंडिंगवाल्यांचे सल्ले आपल्याला लागू पडत नाहीत बरं का, त्यांना आधी हजारो युजर दाखवायचे असतात आणि आपल्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचं असतं. आपला गुंतवणूकदार म्हणजे पहिलं गिऱ्हाईकच. त्यामुळं लोगो, वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड हे सगळं नंतर बघू, आधी दहा माणसं अशी पाहिजेत की जी खरे पैसे मोजून तुमचं सॉफ्टवेअर रोज उघडतील.

पायरी १: एकच धंदा धरा

"सगळ्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी अ‍ॅप" असं कुणी म्हणालं की समजायचं याला अजून एकपण व्यापारी भेटलेला नाही. किराणावाल्याचा त्रास वेगळा, आडत्याचा वेगळा, क्लासवाल्याचा त्याहून वेगळा.

आपल्याकडं धंदे काय कमी आहेत का. संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारी छोटी युनिटं आहेत, कुठला माल कुणाकडं प्लेटिंगला गेला, किती परत आला, किती रिजेक्ट झाला हे चलनावरून जुळवता जुळवता तिथला माणूस वैतागलेला असतो आणि वर जीएसटीचा आयटीसी-०४, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेल्या मालाचा फॉर्म, भरायचा असतो. लातूरला डाळमिली आणि क्लासेस, जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आणि स्टील, जवळपास प्रत्येक तालुक्याला मोंढा म्हणजे धान्याचा बाजार आणि मोंढ्यात आडत दुकानं, तिथं शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई. आणि जरा मोठं गाव असलं की कृषी सेवा केंद्र, म्हणजे बियाणं-खत-औषधांचं दुकान, आहेच. या लेखात मी कृषी सेवा केंद्राचंच उदाहरण शेवटपर्यंत धरतो, तुमचा धंदा दुसरा असला तर तसं बसवून घ्या.

निवडायचं कसं? माझ्या मते एकच कसोटी खरी, कुणाच्या गल्ल्यामागं तुम्हाला दिवसभर बसू देतील? मामाचं दुकान असेल, वर्गमित्राच्या वडलांचं असेल, पाहुण्यांत कुणाचं असेल, तिथून सुरुवात करा. टॅली अशीच सुरू झाली, बेंगळुरूत श्यामसुंदर गोयंकांना स्वतःच्या धंद्याचे हिशोब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना म्हणून मुलानं, भरत गोयंकांनी ते लिहिलं आणि १९८६ ला कंपनी उभी राहिली. पहिलं गिऱ्हाईक घरातलंच होतं.

दुसरं बघायचं म्हणजे मोटारसायकलवर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल एवढ्या अंतरात तशी शंभरेक दुकानं आहेत का. नसतील तर धंदा बदला.

पायरी २: कोड लिहायच्या आधी दुकानात बसा

दुकानदाराला "असं सॉफ्टवेअर केलं तर वापराल का" हे विचारूच नका. आपल्याकडची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. "चांगलं हाय की, करा करा, पोरांनी काहीतरी केलं पाहिजे" म्हणतील, चहा पाजतील, तुम्ही खुश होऊन घरी याल आणि सहा महिन्यांनी तेच काका फोन उचलणार नाहीत.

विचारायचं ते झालेल्या गोष्टींबद्दल. मागच्या हंगामातली उधारी किती राहिली? ती काढली कशी, कुणी काढली, किती दिवस लागले? मुदत संपत आलेली औषधं कंपनीला परत करताना काय झालं? कृषी विभागाचं पथक तपासणीला आलं तेव्हा साठा रजिस्टर आणि गोडाऊनमधला माल जुळला का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, "काका, वही दाखवता का?"

वही उघडली की मग कळतं. एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं असतात, वहीत त्यांना कुणी "विहिरीजवळचा", कुणी "मास्तरचा" असं लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नावानं शोधायची सोय बिनकामाची, आधी गाव, मग नाव, मग वडलांचं नाव आणि टोपणनाव असं लागतं. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा असतो. खताची विक्री नोंदवायला पॉस मशीन दुकानात आहेच, तिथं आधार घेऊन एकदा नोंद झालेली असते, तर दुकानदार म्हणणार, "एक मशीन हाय की आमच्याकडं, परत दुसरं कामून?" या प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर नसेल तर अजून आठवडाभर बसा. उत्तर मिळतं, खरंच मिळतं: पॉस मशीनला खत कळतं पण बियाणं, औषध आणि उधारी कळत नाही, आणि दुकानदाराची रात्रीची झोप जाते ती उधारीपायी.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण नवीन पोरं इथंच अडकतात. उधारी म्हटलं की प्रोग्रामरच्या डोक्यात पहिलं येतं ते आपोआप जाणारा मेसेज, तारीख झाली की शेतकऱ्याला एसएमएस. कागदावर भारी वाटतं. पण दुकानदाराला विचारा, तो हात जोडेल. कापूस अजून घरात पडलाय, सोयाबीनला भाव नाही, अशात मशीननं "तुमची थकबाकी भरा" असा मेसेज टाकला तर तो शेतकरी पुढच्या जूनला समोरच्या दुकानात जाणार, आणि जाताना चार भावकीतले घेऊन जाणार. दुकानदाराला पाहिजे असते गावनिहाय यादी, छापलेली, मोठ्या अक्षरात, कुणाकडं किती आणि कधीपासून, म्हणजे ती खिशात घालून तो गावात जातो, कुणाच्या ओट्यावर बसतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि उठता उठता विषय काढतो. आणि तसंही धंद्याचे एसएमएस पाठवायचे म्हटलं तर ट्राय म्हणजे टेलिकॉम नियामकाच्या नियमानं डीएलटी नावाच्या पोर्टलवर नोंदणी करून हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा मजकूर) मंजूर करून घ्यावं लागतं, सुरुवातीला त्या भानगडीत पडायची गरज नाही. एक यादी छापून देणारं बटण करायला दोन दिवस लागतात आणि विकलं जातं तेच.

पायरी ३: महिना बघून जा

धंद्याचं पंचांग पाठ पाहिजे. कृषी सेवा केंद्राचं असं: एप्रिल-मे मध्ये खरिपाचा माल भरणं, मृगाचा पाऊस पडला की जून-जुलैला दुकानात पाय ठेवायला जागा नाही, ऑगस्टला फवारणीची औषधं, मग सोयाबीन-कापूस निघाला की दसरा-दिवाळीच्या आसपास वसुली आणि तेव्हाच रब्बीच्या हरभऱ्याचं बियाणं. जरा निवांत वेळ मिळतो तो साधारण जानेवारी ते मार्च.

म्हणजे विकायचं जानेवारीपासून आणि सुरू करायचं १ एप्रिलला. नवीन आर्थिक वर्ष, नवीन वही, ओपनिंग स्टॉक आणि प्रत्येकाची मागची बाकी एकदा टाकली की झालं. जूनमध्ये डेमो द्यायला गेलात तर हाकलून देतील आणि बरोबरच आहे त्यांचं. जूनमध्ये जायचं असेल तर लॅपटॉप न घेता जा, बिलं फाडायला मदत करा, पोती मोजा, त्यात जे दिसेल ते दहा मीटिंगमध्ये कळणार नाही.

क्लासवाल्यांचं पंचांग दहावीच्या निकालाभोवती फिरतं, एमआयडीसीतल्या युनिटाचं त्याच्या मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर. तुमचं तुम्ही काढा.

पायरी ४: तीस नावांची यादी

इंटरनेटवरून विकत घेतलेला डेटा घेऊ नका, निम्मे नंबर बंद असतात आणि उरलेल्यांना रोज कुणीतरी लोन विकत असतं. नावं माणसांकडून घ्या. तालुक्याला विक्रेत्यांची संघटना असते, राज्य पातळीवर माफदा ही खत-बियाणं-औषध विक्रेत्यांची संघटना आहे. होलसेलर आहे, त्याला कुठलं दुकान चालतंय आणि कुठलं बसलंय हे सगळं माहीत असतं. औषध कंपन्यांची फिरती पोरं असतात, ती रोज आठ-दहा दुकानं करतात, त्यांच्यासोबत गाडीवर एक दिवस फिरा, जेवण तुमच्याकडून.

अजून एक जागा सांगतो जी बऱ्याच जणांना सुचत नाही. कृषी निविष्ठा, म्हणजे बियाणं-खत-औषध, विकणाऱ्यांसाठी देसी नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा, आठवड्यातून एक दिवस वर्ग भरतो आणि एका बॅचला ४० विक्रेते असतात. विचार करा, तुमचे चाळीस गिऱ्हाईक दर आठवड्याला एका खोलीत, आणि तेपण शिकायच्या मूडमध्ये. तिथं जाऊन विकायचं नाही. वर्ग चालवणाऱ्यांना भेटा, "साठा रजिस्टर कंप्युटरवर कसं ठेवायचं" यावर अर्धा तास फुकट शिकवतो म्हणा, एक्सेलवरच शिकवा. चहाच्या सुट्टीत ज्याला पाहिजे तो स्वतः येतो.

याउलट परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या १८ मे च्या खरीप मेळाव्यात स्टॉल टाकायचा मोह आवरा. गर्दी मोठी असते पण ती शेतकऱ्यांची, तुमचा दुकानदार त्या दिवशी दुकानात ट्रकमधून माल उतरवून घेत असतो. संभाजीनगरचं मॅजिक (नव्या स्टार्टअपना मदत करणारी संस्था), सीएमआयए आणि मसिआ (उद्योजकांच्या संघटना) इथं ओळखी जरूर करा, एमआयडीसीतली युनिटं हेच तुमचे गिऱ्हाईक असतील तर तिथं गेल्याशिवाय पर्याय नाही, पण परीक्षकांसमोर कल्पना मांडायच्या पिच स्पर्धांमध्ये महिना घालवू नका, परीक्षक तुमचं सॉफ्टवेअर विकत घेणार नाहीत.

तीस नावांतून आधी कुणाकडं? तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाकडं जायचा मोह होतो, जाऊ नका. तो फुकट मागतो आणि सगळं स्वतःसारखं बदलून मागतो. मधल्या आकाराचं दुकान धरा जिथं शिकलेला मुलगा किंवा सून काउंटरला बसायला लागलीय आणि वडलांच्या वहीला कंटाळलीय. पैसे वडील देणार पण भांडण आत लागलेलं असतं, तुमचं अर्धं काम तिथंच झालेलं असतं.

पायरी ५: पहिली भेट

आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका. दुपारी दोन ते चार बरं, ऊन असतं, गिऱ्हाईक नसतं. ओळख सांगताना कंपनीचं नाव सांगायच्या आधी गावाचं आणि कुणी पाठवलं त्याचं नाव सांगा. लॅपटॉप बॅगेतच राहू द्या.

साधारण बोलणं असं चालतं:

"काका, मी अमुक गावचा, तुमच्या होलसेलवाल्यांनी सांगितलं तुम्हाला भेट म्हणून."

"बसा बसा. काय विमा-बिमा हाय का?"

"नाही काका. उधारीची वही कंप्युटरवर करतो आम्ही. तुम्ही फक्त एका गावाची पानं द्या, मी इथंच बसून टाकतो, अन् यादी छापून देतो. नाही आवडली तर फाडून टाका."

"पैसे?"

"यादीचे काही नाहीत."

सगळा खेळ त्या एका गावाच्या यादीत आहे. तिथंच बसून टाइप करा, सोबत छोटा प्रिंटर ठेवा, यादी मराठीत छापून हातात द्या. बेरीज बघून माणूस गप्प होतो, कारण एवढे पैसे एका गावात अडकलेत हे त्याला मोघम माहीत असतं पण आकडा कधी समोर आलेला नसतो. मग तो स्वतःच म्हणतो, "ते बाकीच्या गावांचंबी होईल का?" आता लॅपटॉप फिरवून दाखवा.

आणि "करू नंतर, लिंक पाठवा" असं म्हणाला तर लिंक पाठवून घरी येऊ नका. स्ट्राइप ही आज जगभर पेमेंट घेणारी कंपनी, पण सुरुवातीला तिचे संस्थापक, पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे दोघं भाऊ, समोरचा "ट्राय करतो" म्हणाला की त्याचाच लॅपटॉप मागून घ्यायचे आणि तिथल्या तिथं सगळं बसवून द्यायचे. तेवढी मोठी कल्पना असून त्यांना हे करावं लागलं, मग आपल्याला कसली लाज.

एक सावधगिरी, ही हलक्यात घेऊ नका. एका दुकानातली वही तुम्ही बघितलीय, कुणाकडं किती थकलंय ते तुम्हाला माहीत झालंय. हे दुसऱ्या दुकानात गप्पांमध्येसुद्धा बाहेर पडलं तर त्या तालुक्यात तुमचा धंदा संपला. डेमोसाठी खोट्या नावांचा डेटा ठेवा, वहीचे फोटो मोबाईलमध्ये ठेवू नका, आणि हे दुकानदाराला आधीच सांगा, त्याच्या मनात ती शंका असतेच, तो फक्त बोलत नाही.

पायरी ६: पैसे पहिल्याच दिवशी

फुकट देऊ नका. फुकट घेतलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या आठवड्यात कुणी उघडत नाही, आणि उघडत नाही म्हणून चूकही सांगत नाही, म्हणजे तुम्हाला काहीच शिकायला मिळत नाही. पहिल्या दहांना सवलत जरूर द्या, निम्मा दर लावा हवं तर, पण बदल्यात काहीतरी मागा: तुमचं दुकान बघायला दोन जणांना घेऊन येईन, चालेल ना? आणि बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी सवलतीचा दर हाच खरा दर होऊन बसतो.

महिन्याचं भाडं लावू नका, वर्षाचे एकदम घ्या. या धंद्यात पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. दर किती? समजा वर्षाला सहा हजार. दुकानदार त्याची तुलना दुसऱ्या सॉफ्टवेअरशी करत नाही, दिवाणजीच्या पगाराशी आणि बुडालेल्या उधारीशी करतो, म्हणून बोलताना यादीवरच्या बेरजेकडं बोट ठेवून बोला.

तो उधारी मागणार, "दिवाळीला देतो की, कुठं पळून चाललोय का." जो माणूस वर्षभर दुनियेला उधार देतो तो तुमच्याकडं उधार मागणारच, यात वाईट वाटून घ्यायचं नाही. निम्मे बसवताना, निम्मे सगळ्या बाक्या टाकून झाल्यावर, असं ठरवा आणि क्यूआर तिथंच पुढं करा. पहिले निम्मे पण देत नसेल तर हसतमुखानं उठा, तो गिऱ्हाईक नाही, तो ओळखीचा माणूस आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सहसा सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. वाळूजचं युनिट मात्र जीएसटी बिल मागणार कारण त्यांना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं असतं, तिथं स्वतःहून नोंदणी करून १८ टक्के लावलेलं बरं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे पैसे मागणाऱ्यांना देऊ नका. उद्यम असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमईडी कायदा म्हणतो, बिलावर नंबर छापा, पण पहिल्याच गिऱ्हाईकांना कायदा दाखवायला जाऊ नका.

पायरी ७: पहिला हंगाम सांभाळा

पहिल्या तीन दुकानांत जूनचा पहिला हंगाम पार पडेपर्यंत नवीन विक्रीचं नाव काढू नका असं माझं मत आहे, काही जणांना पटत नाही. पण लाइट जाते, नेट जातं, ऐन गर्दीत बिल निघालं नाही तर काका वहीवर परत जातात आणि गेलेला माणूस परत येत नाही, शिवाय मोंढ्यात चार जणांना सांगतो. नेट नसताना चाललंच पाहिजे, बॅकअप पेनड्राइव्हवर आणि ऑनलाइन दोन्हीकडं पाहिजे, आणि फोन रात्री नऊला पण उचलायचा.

सगळ्या गिऱ्हाईकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. एकाचं बिल अडकलं की त्याचा फोटो सगळ्यांना दिसतो आणि ज्यांचं नीट चाललंय त्यांनाही शंका यायला लागते. प्रत्येकाशी वेगळं बोला. ब्रॉडकास्ट वापरायचं असेल तर समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो, म्हणून बसवतानाच त्याच्या मोबाईलमध्ये स्वतःच्या हातानं सेव्ह करून द्या.

"फक्त माझ्यासाठी एवढं करून द्या" हे रोज ऐकाल. वहीत लिहून ठेवा. तीन वेगवेगळ्या दुकानांनी तेच मागितलं तर करा, एकानंच मागितलं तर गोड बोलून पुढं ढकला, नाहीतर वर्षभरानं तुमच्याकडं दहा गिऱ्हाईकांची दहा वेगळी सॉफ्टवेअरं होतात आणि झोप उडते.

पायरी ८: तीनाचे दहा

"कुणाला लागलं तर सांगा काका" यानं काही होत नाही. काम झाल्यावर, काका खुश असताना, तिथंच म्हणायचं, "शेजारच्या तालुक्यात तुमच्या ओळखीचं कोण आहे, आत्ता फोन लावून देता का?" फोन लागला की ते स्वतःच सांगतात, "पोरगं चांगलं हाय, येऊ दे त्याला." त्या वाक्यापुढं फेसबुकची जाहिरात काहीच नाही. जाहिरातीवर खर्च इतक्यात करूच नका, फक्त गूगलवर व्यवसायाची नोंद करून ठेवा आणि यूट्यूबला दोन-तीन मिनिटांचे साधे व्हिडिओ टाका, बिल कसं करायचं, यादी कशी छापायची, मराठीत. ते नवीन लोकांपेक्षा जुन्या गिऱ्हाईकांच्या कामाला येतात आणि तुमचे फोन कमी होतात.

दुसरा रस्ता म्हणजे हिशोबनीस, जो पंधरा-वीस दुकानांचे जीएसटी रिटर्न भरतो. पोरं त्याला कमिशनचं बोलतात. त्याला खरं पाहिजे ते वेगळंच असतं, रिटर्नच्या तारखेच्या आधी दुकानदारानं पिशवी भरून बिलं आणून टाकू नयेत एवढंच. तुमच्या सॉफ्टवेअरमधून त्याच्या टॅलीत डेटा सरळ जात असेल तर तो स्वतः दुकानदाराला म्हणतो, हे घ्या. ती सोय पहिल्या वर्षात झालीच पाहिजे, बाकी सगळं मागं ठेवा.

दहा झाले की लगेच पोरं कामाला ठेवून दुसऱ्या जिल्ह्यात उडी मारू नका. एक वर्ष पूर्ण होऊ द्या आणि रिन्युअल बघा. दहातल्या सात-आठ जणांनी घासाघीस न करता दुसऱ्या वर्षाचे पूर्ण दरानं पैसे दिले तर शेजारचा तालुका धरा. चार-पाचच राहिले तर जे गेले त्यांच्याकडं जाऊन बसा, काय अडलं ते विचारा, नवीन विक्री तोवर बंद. आणि रिन्युअलचा फोन मार्चच्या पहिल्याच आठवड्यात करा, ३१ मार्चच्या गडबडीत कुणी फोन उचलत नाही आणि एप्रिल लागला की पैसा सगळा खरिपाच्या मालात जातो.